बावीस नंबरचं माप

५ जानेवारी, रविवार

कंपनीनं यंदाही डायरी दिली. दर वर्षी ती कोरीच रद्दीत जाते. यंदा म्हटलं, साखरपुड्याची तयारी तरी लिहून ठेवू. तारीख ठरली, नऊ फेब्रुवारी. हॉल इथलाच, नवीन पनवेलचा. रियाकडची मंडळी उरणजवळच्या करंज्याहून बस करून येणार.

अंगठी मी एकटा निवडणार असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. बाबा हसले. आईनं भुवया वर केल्या. कादंबरी, म्हणजे माझी धाकटी बहीण, म्हणाली, "दादा, तुझे शर्टपण आई आणते." खरं आहे. पण रियाला बघूनच वाटलं पाहिजे की हे अपूर्वनं माझ्यासाठी शोधलंय.

गव्हाण फाट्याजवळच्या कंटेनर यार्डात मी आणि रिया दोघंही नोकरीला. मी आत एसीत बसून कागद तपासतो, ती बाहेर उन्हात कंटेनर तपासते. कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, कागदावरचा नंबर. एक आकडा चुकला की माल अडकतो, म्हणून मी आकड्यांच्या बाबतीत फार काटेकोर. दोन वर्षांपूर्वी एका दाराचा दांडा गंजून बसला होता. मी त्याला लोंबकळलो तरी ढिम्म हलेना. मागून ही म्हणाली, "सरका जरा." दोन हात, एक हिसका, दार उघडलं. त्या दिवशी मी कागदांऐवजी तिच्या हातांकडेच बघत राहिलो. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिलासुद्धा.

८ जानेवारी, बुधवार

चहाच्या वेळी तिला विचारलं, अंगठी कशी आवडेल. ती म्हणाली, "साधी. वर काही आलेलं नको, हातमोज्यात अडकतं." आणि बिस्कीट खायला लागली. एवढंच.

घरी सांगितलं. कादंबरी म्हणाली, "सगळ्या मुली आधी असंच म्हणतात, दादा. नाजूक फुलाची घे, बघ कशी खूश होते." आई म्हणाली, "आपल्याकडच्या बायका बघायला येतील, त्यांनाही बरं दिसायला हवं." मलाही पटलं. साधेपणा हा रियाचा स्वभाव आहे, आवड वेगळी असू शकते.

१२ जानेवारी, रविवार

करंज्याला जाऊन आलो. रियाचे बाबा, दिनानाथकाका, ओसरीवर जाळं शिवत बसले होते. मापाचं काय करायचं, असं मी हळूच रियाला विचारत होतो, ते त्यांनी ऐकलं.

"त्यात काय हाय? हात दे गं."

जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा घेऊन त्यांनी तिच्या बोटाभोवती फेरा घातला, गाठ मारली, पेरावरून काढून बघितला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. असं तीनदा. मग दात लावून दोरा तोडला आणि तो निळा फास माझ्या तळहातावर ठेवला.

"ही गाठ सरकत नाय. दुकानदाराला सांग, दिनानाथचं माप हाय."

भीमाबाई, रियाची आई, आतून म्हणाल्या, "जावयाचं पन घ्या." काकांनी माझा हात हातात घेतला आणि खो खो हसले. "ही कारकुनाची बोटं. याचं माप काय घ्यायचं, याला आंगठीत दोरा भरावा लागंल."

माझी बोटं आईवर गेलीत. आठवीत एका लग्नात हौसेनं बाबांची अंगठी घातली होती. आईनं आतून दोरा गुंडाळून दिला होता, तरी ती पंगतीत गळून पडली.

रिया घरी असली की ‘नाय’ म्हणते. आमच्याकडे आली की ‘नाही’ म्हणते. ते मला बरं वाटतं, हेही लिहून ठेवतो.

१८ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

आईच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. आई, कादंबरी आणि मी. एकट्यानं निवडायचं राहिलंच, आई म्हणाली ओळखीचं दुकान आहे, मी येते. कादंबरीनं फुलाची अंगठी काढायला लावली. सात बारीक खडे, मधला जरा वर आलेला. मला रियाचे हातमोजे आठवले. पण दुकानाच्या दिव्याखाली ती इतकी छान दिसत होती की मी मान हलवली. मला साधं सोन्याचं वळं घेतलं.

मग काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मापं?" मी खिशातून निळा फास काढून दिला. तिनं तो माप घ्यायच्या निमुळत्या कांडीवरून खाली सोडला. तो खाली खाली गेला. तिनं वाकून आकडा बघितला.

"बावीस. हे सरांचं ना?"

कादंबरी पलीकडे कानातली बघत होती. आई समोरच्या तबकात बघत होती. शेजारी आणखी दोन बायका बांगड्या बघत बसल्या होत्या. दोन सेकंद. ‘नाही, तिचं’ हे दोनच शब्द होते.

मी म्हणालो, "हो."

"आणि मॅडमचं?"

तिनंच स्वतःचा हात पुढे केला. "मला तेरा लागतं. माझ्यासारखीच बोटं आहेत का?"

"हो, तेराच."

तिनं दोन्ही आकडे पावतीवर लिहिले. मी दिवसभर लोकांच्या कागदांवरचे चुकलेले आकडे शोधतो आणि आज स्वतः डोळ्यांदेखत दोन चुकीचे आकडे लिहून घेतले. आई एकदाच माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "चला, उशीर होतोय." तिला उन्हाचा त्रास होतो.

१९ जानेवारी, रविवार

सकाळपासून स्वतःला समजावतोय. दोऱ्याचं माप हे काही शास्त्रशुद्ध नसतं. दोरा ओला असेल. काकांनी सैल घेतलं असेल.

हे सगळं खोटं आहे. तो फास तिच्या बोटावर चपखल बसलेला मी बघितला होता. मला लाज वाटली. तिच्या बोटाची लाज वाटली. त्या काउंटरवाल्या मुलीला मी ओळखतही नाही, तिच्यासमोर वाटली.

२३ जानेवारी, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत दुकानात फोन केला. मापात बदल करायचा होता म्हटलं. ती मुलगी म्हणाली, "हो सर, करू की. ऑर्डर आईंच्या नावावर आहे, त्यांना एक फोन करून विचारते हं." मी म्हणालो, राहू द्या. एवढ्यावर माझं शौर्य संपलं.

२८ जानेवारी, मंगळवार

यार्डात रियानं हातमोजा काढून घाम पुसला आणि विचारलं, "दोरी दिलीस ना दुकानात? बाबा रोज विचारतात."

"दिली."

ते खरंच आहे. कागदोपत्री एकदम बरोबर. दोरी मी दिली होती. ती हसली आणि तिनं परत हातमोजा चढवला. मला तिथे उभं राहवेना, तेव्हा सीलचा नंबर बघायचाय असं सांगून आत पळालो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अंगठ्या घरी आल्या. डबीत तो निळा फासही परत पाठवलाय त्यांनी. प्रामाणिक दुकान.

दार लावून माझं वळं घालून बघितलं. बोटातून सरळ गादीवर पडलं. अंगठ्यात घातलं तर जरा टिकलं. तेवढ्यात आई कपड्यांच्या घड्या घेऊन आत आली. वळं अंगठ्यात, मी आरशासमोर. ती काही क्षण उभी राहिली. म्हणाली, "डबीत ठेव, हरवेल," आणि गेली. सुदैवानं तिच्या काही लक्षात आलं नाही.

थोडा साबण लावला तर तेरा नंबरची जाईलही. जाईल का?

९ फेब्रुवारी, रविवार

झाला साखरपुडा.

रिया अबोली रंगाची साडी नेसून आली होती. करंज्याच्या बायकांनी केसांत एवढे गजरे माळले होते की हॉलभर मोगरा घमघमत होता. ओटी झाली, साखरेचे पुडे दिले, पेढे झाले. मग गुरुजी म्हणाले, आता अंगठ्या. सगळ्यांनी मोबाइल वर धरले.

मी तिचा हात धरला. अंगठी पहिल्या पेरावरून गेली आणि मधल्या पेरावर थांबली. मी जोर लावला. तिनं ओठ दाबले. फोटोग्राफर ओरडला, "दादा, परत एकदा, इकडे बघून!" माझी मावशी म्हणाली साबण आणा, कुणी म्हणालं तेल आणा. मागून कुणीतरी हसलं. मी आणखी जोर लावला. तिचं पेर लाल झालं.

तेव्हा दिनानाथकाका पुढे आले. नवा शर्ट, डोक्याला फेटा. तिचा हात बघून त्यांचा चेहरा उतरला.

"माजंच माप चुकलं असंल," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता डोल्यांना नीट दिसत नाय. पावनं, माफी करा."

माफी. माझ्या बाबांसमोर हात जोडून. आणि मी, ज्यानं हे सगळं केलं, तो दोन बोटांत अंगठी धरून उभा. तोंड उघडलं नाही. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती, आणि तरी तोंड उघडलं नाही.

रिया म्हणाली, "थांबा, आधी ह्याची घालते." तिनं तबकातलं वळं उचलून माझ्या बोटात सरकवलं. ते थेट बोटाच्या मुळाशी जाऊन लोंबायला लागलं. तिनं ते तिथे एकदा गोल फिरवलं. मग काढलं आणि स्वतःच्या बोटात घातलं. अडलं नाही, सैलही झालं नाही. तीनदा तपासलेल्या मापासारखं बसलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. यार्डात एखाद्या कंटेनरचं सील तुटलेलं दिसलं की ती असं बघते.

आणि मग ती मोठ्यानं हसली. "बाबा, तुमचं माप बरोबर हाय! दुकानवाल्यांनी अदलाबदल केली!"

सगळा हॉल हसला. काकांनी फेट्याच्या शेवटानं डोळे पुसले. कादंबरी फणफणली, "मी आत्ता फोन करते त्या दुकानाला." आई म्हणाली, "राहू दे गं. शुभ कार्यात कशाला?" आई मनानं मोठी आहे.

आमच्याकडच्या लोकांत ती ‘हाय’ म्हणाली, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिनं यार्डाच्या मागच्या कुंपणापाशी बोलावलं. वळं तिच्या बोटात होतं, त्यावर हातमोजाही नीट बसत होता.

"दुकानात कोण होतं?"

"आई. कादंबरी. काउंटरवरची मुलगी. आणखी दोन बायका."

"आणि तू काय म्हणालास?"

"बावीस माझं म्हणालो."

ती कुंपणापलीकडे बघत राहिली. रस्त्यावरून ट्रेलर जात होते. "बाबा काल बसमध्ये सगळ्यांना सांगत होते, माझं माप चुकलं नव्हतं. उरण येईपर्यंत सांगत होते." तिचा आवाज फाटला. "मी तिथे तुझ्यासाठी नाही हसले, अपूर्व. त्यांच्यासाठी हसले."

मी सॉरी म्हणालो. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. तिनं पर्समधून फुलाची अंगठी काढली.

"ही तू घाल. करंगळीत. कोणी विचारलं तर खरं काय ते सांग. लग्नाचं मग बघू. घरी मी अजून काही बोलले नाही."

"किती दिवस घालू?"

"ते मला काय विचारतोस?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सात खड्यांचं फूल करंगळीत घालून मी चार दिवस पनवेल ते गव्हाण हिंडतोय. लोक विचारतात, विचारल्याशिवाय राहतात कुठे?

गेटवरच्या वॉचमनला सांगितलं, ग्रहांची आहे. त्यानं लगेच कोणता ग्रह विचारलं. शुक्र, म्हणालो. साहेबांना सांगितलं, आमच्याकडे पद्धत आहे. टपरीवर जीवन भेटला, शाळेतला मित्र. तो हसून हसून लोळायचा बाकी होता. त्याला म्हटलं, दुकानवाल्यांनी अदलाबदल केली. रियाचंच वाक्य चोरून वापरलं. तिघांना तीन थापा.

रिया रोज समोरून जाते, गुड मॉर्निंग म्हणते. सरांना म्हणते तसं.

१६ फेब्रुवारी, रविवार

एक गोष्ट आज ध्यानात आली. जगानं विचारलं, पण आईनं अजून विचारलेलं नाही. आठवडाभर मी त्याच हातानं तिच्या समोर जेवतोय.

ती लसूण सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. सगळं. फास, कांडी, बावीस, तेरा. मान खाली घालून सांगितलं, म्हणून ती काय करत होती ते दिसलं नाही. फक्त लसणाच्या सालांचा आवाज थांबला.

"मला दुकानातच कळलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या बोटात आठवीत दोरा भरून अंगठी घातली होती मी. तुझं माप बावीस कसं असेल?"

"मग बोलली का नाहीस?"

तिनं एक पाकळी उचलली, परत ठेवली. "त्या मुलीनं बावीस म्हटलं आणि शेजारच्या बायकांनी बघितलं ना, तेव्हा मलाही तुझ्यासारखंच झालं. आणि हॉलमध्ये तो माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला तरी मी गप्प." तिनं डोळ्यांना पदर लावला. लसणानं डोळ्यांत पाणी येत नाही.

दुकानातून निघायची तिनं घाई केली ती उन्हामुळे, असं मी इतके दिवस समजत होतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

करंज्याला गेलो. रियाला सांगून गेलो. ती म्हणाली, "तुझं तू बघ. मी मध्ये पडणार नाय."

काका ओसरीवर होते. तेच जाळं की दुसरं, मला कळत नाही. त्यांची नजर आधी करंगळीवरच गेली. "ही रं काय पोरींची आंगठी?"

सांगितलं. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो की तुमचं माप बरोबर होतं, दुकानाचंही बरोबर होतं, हे माप रियाचं आहे असं सांगायची मला लाज वाटली. आणि तुम्ही माफी मागितलीत तेव्हाही मी गप्प बसलो.

त्यांचे हात थांबले नाहीत. भीमाबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. चहा आला नाही. त्या घरात चहा न येणं म्हणजे काय ते मला कळतं. मी बसून राहिलो. रिया उंबऱ्यावर, माझ्याकडे पाठ करून.

मग काका बोलले, माझ्याशी नाही, जाळ्याशी. "बारा वर्सांची होती. माजा भाऊ बोटीवरून गेला, जोडीला मानूस नवता. तवापासून माज्यासंगती दोर खेचते. भीमा बोलायची, पोरीचे हात खराब होतील. मी ऐकला नाय." त्यांनी गाठ ओढली. "हॉलात आंगठी अडकली ना, तवा मला वाटला, माप नाय चुकला. मी पोरीचा हातच चुकवला."

"बाबा," रिया म्हणाली, "गप बसा ओ."

मी तेव्हा बोललो. डायरीत लिहिलेलं, कुणालाही न सांगितलेलं. गंजलेला दांडा, मी लोंबकळलेलो, ती म्हणाली सरका जरा. म्हणालो, काका, त्या हातांकडे बघूनच मी तिच्या मागे लागलो होतो. आणि दुकानात तेच हात मी नाकारले. रडायला आलं. मी रडलो. शरम वाटली, पण ही वेगळी होती, हिच्यात श्वास घेता येत होता.

रिया वळून बघत होती. "हे कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

काकांनी निळा दोरा तोडला. "हात दे." त्यांनी माझ्या बोटाभोवती फेरा घातला. गाठ मारली, काढली, घातली. तीनदा. या वेळी ते हसले नाहीत. फास त्यांनी माझ्या हातात दिला नाही, रियाच्या हातात दिला.

"तू जा दुकानात. तुजा आकडा तू सांग."

ती तो पर्समध्ये टाकून आत गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली. एकच कप होता, काकांचा. पण परत आत जाऊन माझाही आणला.

२ मार्च, रविवार

दुकानात गेलो. रिया, आई, मी. फुलाची अंगठी परत करून मला वळं घ्यायचं होतं. काउंटरवर तीच मुलगी. दुकान गच्च भरलेलं, लग्नाचे दिवस.

रियानं निळा फास पुढे केला. मुलीनं तो कांडीवरून सोडला. तो वरच अडकला. तिनं वाकून आकडा बघितला आणि रियाकडे बघून गोड हसली.

"पंधरा. हे मॅडमचं ना?"

शेजारच्या दोन-तीन बायकांनी बघितलं. माझे कान तापले. आईनं पर्सचा बंद घट्ट धरला. मी तोंड उघडलं, पण रियानं आधीच हात काउंटरवर ठेवला होता, बोटं पसरून, वळ्यासकट.

"नाय," ती म्हणाली. "ते ह्याचं. माझं बावीस हाय."

आवाज चढवला नाही, उतरवला नाही. मुलगी गडबडली, तिनं माझ्याकडे बघितलं.

"बरोबर," मी म्हणालो. "लिहून घ्या."